आप्पांच्या मनात काय आहे हे कळल्याशिवाय निर्णय कसा घ्यायचा?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. तो पुण्यात नोकरीला आहे. गावी केळी आणि कपाशी. वडिलांचे, म्हणजे आप्पांचे, गुडघे गेलेत. मजूर गोळा करणं, फवारणी, रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला जाणं आता त्यांच्याच्यानं होत नाही. ‘नोकरी सोडून घरी येऊ का?’ असं विचारलं की आप्पांचं एकच उत्तर येतं: ‘तुले जे वाटस ते कर.’ मधल्या काळात त्याने सार्त्र हा फ्रेंच तत्त्वज्ञ वाचला आणि गुंता वाढला. मूल्यं आपणच घडवायची असतील तर चूक-बरोबर उरतं कुठे? दुसऱ्याचं मन खात्रीने कधीच कळत नसेल, तर त्याच्याशी नीतीने वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि आप्पांच्या त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा? पत्राच्या शेवटी त्याने एक ओळ जोडली आहे: ‘आईचं विचारूच नका, आप्पा म्हणतील त्याला ती हो म्हणते.’

खानदेशातल्या कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे अनेकदा आला आहे, आणि नेहमी वर्ग सुटल्यावर, बाकीची मुलं निघून गेल्यावर. म्हणून जरा लांबलं तरी नीट उत्तर देतो.

आधी माझं मत. तुम्ही एक क्रम धरला आहे: अगोदर आप्पांचं मन कळेल, मग काय करणं योग्य ते ठरेल. हा क्रम मला मान्य नाही. त्यात असं गृहीत आहे की आप्पांची इच्छा त्यांच्या आत कुठेतरी पूर्ण तयार होऊन पडली आहे, फक्त ती तुमच्यापासून लपलेली आहे. मला वाटतं, ती अजून पुरती तयारच झालेली नाही. ती कशी तयार होईल यात तुमचाही हात आहे.

तुम्ही वाचलंय ते सार्त्रचं व्याख्यान असणार. २९ ऑक्टोबर १९४५ ला पॅरिसमध्ये दिलेलं, पुढच्या वर्षी छापून आलेलं. त्यातली विद्यार्थ्याची गोष्ट तुमच्या इतकी जवळची आहे की तुम्ही तिथेच अडकलात यात नवल नाही. जर्मनांनी फ्रान्स व्यापला होता. या मुलाचा थोरला भाऊ १९४० च्या जर्मन हल्ल्यात मारला गेलेला. वडील शत्रूशी हातमिळवणी करण्याकडे झुकलेले, त्यामुळे आईशी त्यांचं बिनसलेलं. आईला आधार उरला तो या एकट्या मुलाचा. त्याला इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या फौजेत सामील व्हायचं होतं. सार्त्र म्हणतो की त्याला कुठलाच ग्रंथ उत्तर देऊ शकत नव्हता. ख्रिस्ती धर्म सांगतो शेजाऱ्यावर प्रेम कर. पण शेजारी कोण, आई की देशबांधव? जर्मन तत्त्वज्ञ कांट सांगतो माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नकोस. पण आईपाशी राहिलं तर लढणारे साधन ठरतात आणि लढायला गेलं तर आई. मनाचा कौल घ्यावा, तर भावना तरी खरी केव्हा? आईवर माझं इतकं प्रेम आहे की मी राहीन, हे राहून दाखवल्यावरच खरं ठरतं. कृतीच्या आधी भावनेचं वजन करता येत नाही. शेवटी सार्त्र त्याला म्हणतो: तू स्वतंत्र आहेस, निवड कर, म्हणजेच तुझा मार्ग तूच घडव.

यातून ‘काहीही केलं तरी चालतं’ असा अर्थ काढला जातो. तुम्हीही तोच काढला आहे. सार्त्रचं म्हणणं याच्या जवळजवळ उलट आहे. त्याने नीती काढून घेतलेली नाही, सबबी काढून घेतल्यात. ‘मी घरातला मोठा मुलगा, मला पर्यायच नाही’ ही एक सबब. ‘हल्ली शेतीत काय राहिलंय, कोणीही शहाणा माणूस पुण्यातच राहील’ ही दुसरी. दोन्हींत माणूस स्वतःला दगडासारखं ठरलेलं समजतो, आणि आपण ठरवतो आहोत हे स्वतःपासून लपवतो. १९४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात सार्त्रने यालाच स्वतःची फसवणूक म्हटलं आहे. मात्र याच ग्रंथाची दुसरी बाजू तरुण वाचक हमखास विसरतात. आपण शून्यातून निवडत नाही. गुडघे, जमिनीचा तुकडा, सोसायटीचं कर्ज, जन्माची भाषा हे सगळं आपल्याला मिळालेलं असतं, आणि तेही नाकारायचं नसतं. ‘मी पूर्ण मोकळा आहे, मला कुणाचं काही देणं नाही’ असं म्हणणारासुद्धा तितकाच फसवत असतो.

तरी एक अडचण उरते, आणि ती खरी आहे. प्रामाणिकपणे निवडलेला दुष्टपणाही प्रामाणिकच की. नुसत्या प्रामाणिकपणावर नीती उभी राहत नाही. सार्त्रला हे कळत होतं. त्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटी त्याने नीतिशास्त्रावर वेगळा ग्रंथ लिहीन असं सांगितलं, तो त्याच्या हातून पूर्ण झाला नाही. त्याच्या वह्या मात्र मृत्यूनंतर १९८३ मध्ये छापल्या गेल्या; त्यांच्याकडे मी पुढे येतो.

आता त्या विद्यार्थ्याच्या गोष्टीतली मला वर्षानुवर्षं खुपणारी जागा सांगतो. त्या सगळ्या गोष्टीत आई एक शब्दही बोलत नाही. तो गेला तर ती कोलमडेल, ती त्याच्यासाठीच जगते आहे, असं तिच्याबद्दल सांगितलं जातं. कोण सांगतं? मुलगा, आणि त्याच्यामार्फत सार्त्र. मुलाच्या भावनेबद्दल सार्त्र इतका सावध, की कृतीआधी ती मोजताच येत नाही म्हणतो. आईची भावना मात्र त्याने आधीच मोजून ठेवली आहे. मुलगा स्वतःला घडवणारा, आई घडून गेलेली. मेलेल्या मुलाच्या आईला, शत्रूशी हातमिळवणी करणाऱ्या नवऱ्यावर रुष्ट असलेल्या बाईला, धाकट्याने लढायला जाण्याबद्दल स्वतःचं काही म्हणणं असेल, ही शक्यताच त्या व्याख्यानात येत नाही. तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचताना मला तीच बाई आठवली.

दुसऱ्याच्या मनाचा प्रश्न तत्त्वज्ञानात फार जुना आहे. पाश्चात्त्य वर्गात शिकवलं जाणारं नेहमीचं उत्तर असं: मला दुखतं तेव्हा मी कण्हतो, समोरचा कण्हतोय, म्हणजे त्यालाही दुखत असणार. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलशी जोडलेला हा युक्तिवाद कमकुवत आहे, कारण एका स्वतःच्या उदाहरणावरून सगळ्या जगाबद्दल निष्कर्ष काढायला तो सांगतो.

याहून बारीक विचार आपल्याकडे धर्मकीर्ती या बौद्ध तत्त्वज्ञाने सातव्या शतकात केला. त्याच्या ‘संतानांतरसिद्धी’ या छोट्या प्रकरणाचा पूर्ण पाठ तिबेटी भाषांतरातून टिकला. बौद्ध मतात मन म्हणजे स्थिर वस्तू नाही, क्षणाक्षणाच्या विज्ञानांचा, म्हणजे जाणिवांचा, प्रवाह आहे. त्यालाच संतान म्हणतात. त्यातला विज्ञानवादी, म्हणजे जाणीवच खरी मानणारा, बाहेरचं जगही ज्ञानाहून वेगळं मानत नाही. मग विरोधक विचारणारच: सगळं तुझ्याच ज्ञानात असेल तर दुसरा माणूस तू आणलास कुठून? धर्मकीर्ती म्हणतो, मी बोलतो किंवा हात हलवतो त्याच्या आधी माझी इच्छा असते. पण काही बोलणं आणि काही हालचाल मला अशी दिसते की तिच्या आधी माझी इच्छा नव्हती. ती कारणाशिवाय घडणार नाही, म्हणजे ती इच्छा दुसऱ्या कुठल्या तरी प्रवाहातली आहे. बाहेरचं जग मानणारासुद्धा दुसऱ्याचं मन थेट पाहत नाही, तोही अनुमानच करतो. मग माझ्याच अनुमानाला हरकत का? पुढे तो आणखी एक गोष्ट मान्य करतो, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. अनुमानातून दुसऱ्या मनाचं फक्त सामान्य रूप हाती लागतं. त्याच्या त्या क्षणाचा त्याचा स्वतःचा अनुभव हाती लागत नाही. अकराव्या शतकात रत्नकीर्ती या बौद्ध पंडिताने तर परमार्थाच्या, म्हणजे अंतिम सत्याच्या, पातळीवर दुसरा प्रवाह सिद्धच होत नाही, असं दाखवणारा ग्रंथ लिहिला.

म्हणजे तर्काने फार तर इतकं कळतं की आप्पांना मन आहे. त्याबद्दल तुम्हाला शंका कधीच नव्हती.

इथे अमळनेरची आठवण करून देणं मला भाग आहे, कारण आपल्या भागातल्या मुलांना ती कोणी करून देत नाही. प्रताप शेठजींच्या पुढाकाराने १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं. कृष्णचंद्र भट्टाचार्य या बंगाली तत्त्वज्ञांचा ‘द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० साली याच संस्थेने प्रसिद्ध केला. ‘मी’ म्हणजेच स्वातंत्र्य, असं म्हणणारं पुस्तक सार्त्रच्या ग्रंथाच्या तेरा वर्षं आधी खानदेशातल्या संस्थेच्या नावाने बाहेर पडलं होतं. दोघांचं स्वातंत्र्य एक नव्हे. भट्टाचार्यांचं स्वातंत्र्य विषयांपासून, म्हणजे जाणिवेसमोरच्या वस्तूंपासून, पायरीपायरीने मोकळं होत आत वळतं, त्यामागे वेदान्त आहे. सार्त्रचं जगात उडी घेतं. पण ग्रंथाच्या सुरुवातीलाच भट्टाचार्य एक साधी गोष्ट दाखवतात. समोरचा ‘मी’ म्हणतो तेव्हा ऐकणारा तो शब्द स्वतःला लावून घेत नाही; बोलणाऱ्याकडेच तो जातो हे त्याला कळतं. आप्पा ‘मले’ म्हणतात तेव्हा तुम्हाला आप्पा कळतात, आणि तेही इतर वस्तूंसारखी एक वस्तू म्हणून नव्हे. दुसऱ्याचं मीपण आपल्यापर्यंत पोचतं ते त्याच्या बोलण्यात. म्हणून आप्पा ‘मले’ म्हणतील अशी वेळ तुम्ही कधी येऊ दिली का, हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. ‘तुले जे वाटस’ यात ‘तुले’ आहे, ‘मले’ नाही.

जर्मन तत्त्वज्ञ हुसर्ल यांची विद्यार्थिनी एडिथ स्टाइन हिने समानुभूतीवर, म्हणजे दुसऱ्याची भावना आपल्याला कशी जाणवते यावर, प्रबंध लिहिला, तो १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिचं उदाहरण: मित्र येऊन सांगतो की माझा भाऊ गेला, आणि मला त्याचं दुःख जाणवतं. ते दुःख मी त्याच्या चेहऱ्यावरून अंदाजाने काढलेलं नसतं, ते मला समोर दिसतं. तरी ते माझं होत नाही. भाऊ त्याचा गेलेला असतो. या दोन गोष्टी एकत्र धरून ठेवायला स्टाइन शिकवते. आप्पांची कंबर धरून उठण्याची पद्धत, बागेकडे जाताना आता घेतलेली काठी, हे पाहून तुम्हाला काही कळतं ते खोटं नाही. पण ते कळलं म्हणून आप्पा काय म्हणतील तेही कळलं, असं होत नाही.

अमेरिकन तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेलचा १९६९ मधला एक निबंध या जागी माझ्या फार उपयोगी पडला. त्याचा रोख असा: दुसऱ्याच्या वेदनेबाबत आपली उणीव बहुधा ज्ञानाची नसते. समोरच्याला दुखतंय हे आपल्याला कळलेलं असतं; त्याची दखल घेण्याचं आपण टाळत असतो. ‘खात्रीने कळत नाही’ ही शंका टाळायला फार सोयीची पडते. हे तुम्हाला उद्देशून आहे, आणि कठोर वाटलं तरी सांगतो. आप्पांना मदत हवी आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही ते हे, की ती मदत कोणत्या रूपात त्यांना घ्यावीशी वाटेल. या दोन गोष्टींची सरमिसळ करून तुम्ही थांबला आहात.

आता ते वाक्य. ‘तुले जे वाटस ते कर’ याचे अर्थ मोकळीक, रुसवा, थकवा, परीक्षा असे कितीही लावता येतील. पण तुमचा प्रश्न पाहा. ‘नोकरी सोडून येऊ का?’ आप्पांनी ‘ये’ म्हटलं, तर पोराची नोकरी बापाने मोडली हा बोल आयुष्यभर त्यांच्या माथी. ‘नको येऊ’ म्हटलं, तर स्वतःच्या तोंडाने स्वतःचा आधार तोडला. स्वाभिमानी माणसाला या प्रश्नाचं दुसरं उत्तर देताच येत नाही. ते वाक्य आप्पांच्या मनातून जितकं आलं, तितकंच तुमच्या प्रश्नातून आलं. शिवाय, तुम्हाला काय हवं आहे हे तुम्ही तरी त्यांना सांगितलंय का? पत्रात तसं कुठेही दिसत नाही. त्यांच्या बाजूने पाहिलं तर न कळणारं मन तुमचं आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन द बोव्हारचा १९४४ चा एक छोटा ग्रंथ आहे, त्यात ती दुसऱ्यासाठी स्वतःला वाहून घेणाऱ्यांबद्दल लिहिते. वाहून घेणारा म्हणतो, मला स्वतःसाठी काही नको, सगळं तुझ्यासाठी. पण तुझं भलं कशात आहे हे तोच ठरवतो, आणि मग त्याची परतफेड मागतो. हे आपल्या घराघरांत दिसतं, आईबापांकडून मुलांच्या बाबतीत आणि तितकंच मुलांकडून आईबापांच्या बाबतीत. आप्पांना काही न बोलता राजीनामा देऊन तुम्ही गावी आलात, तर लोक श्रावणबाळ म्हणतील. पण त्या दिवसापासून केळीचा भाव पडला की आप्पा तुमच्याकडे अपराध्यासारखे पाहतील. त्यांनी न मागितलेलं कर्ज तुम्ही त्यांच्या डोक्यावर ठेवलेलं असेल. १९४७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात बोव्हार पुढे जाऊन म्हणते की स्वतःचं स्वातंत्र्य खरोखर हवं असेल, तर दुसऱ्याचंही हवं असावं लागतं. ती कारण देते: माझी कुठलीही कृती एकट्याने अर्थपूर्ण राहत नाही. ती उचलून पुढे नेणारी, तिला हो किंवा नाही म्हणणारी मोकळी माणसं समोर लागतात. मघाशी प्रामाणिक दुष्टपणाची अडचण मांडली होती, तिचं मला पटलेलं उत्तर इथे आहे. दुसऱ्याला बोलताच येणार नाही अशी स्थिती निर्माण करणारी निवड, कितीही मनापासून केलेली असो, चूक असते.

सार्त्रच्या त्या वह्यांत याच धर्तीचं एक उदाहरण आहे. एक माणूस सुटलेल्या बसमागे धावतो आहे, बसच्या फळीवर उभा असलेला दुसरा हात पुढे करतो. बस पकडणं हे पहिल्याचंच काम राहतं. हात देणारा ते आपलं करतो, पण त्याच्याकडून काढून घेत नाही. एसटीच्या दारात आपण सगळ्यांनी हे पाहिलंय. एकमेकांवर नजर रोखून एकमेकांना वस्तू करून टाकणारी माणसं रंगवणाऱ्या सार्त्रने हे लिहिलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एक प्रायोगिक पुरावाही आहे. ‘स्वतःला दुसऱ्याच्या जागी ठेवून पाहा’ हा सल्ला सगळेच देतात. ताल इयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २५ प्रयोगांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून त्याचे विचार ओळखायला सांगितलं तेव्हा अंदाज अधिक अचूक झाले नाहीत. अचूकता वाढली ती त्या माणसाशी बोलून, त्याला विचारून. तुम्ही पुण्याच्या खोलीत बसून आप्पांच्या मनाचा कितीही विचार केलात तरी त्यातून आप्पा निघणार नाहीत.

तेव्हा फोनवर विचारणं बंद करा. घरी जा, आणि फवारणी किंवा वेचणीची धांदल नसेल तेव्हा जा. आपल्याकडे बापलेक समोरासमोर बसून मनातलं बोलत नाहीत, बांधावरून चालताना बोलतात. पहिल्यांदा तुमचं सांगा, पुण्यात काय आवडतं आणि गावी यायची भीती कशाची वाटते ते. मग ज्यांची उत्तरं आप्पांना लाज न वाटता देता येतील असे प्रश्न विचारा. पुढच्या साली केळी लावायची की नुसती कपाशी? सालदार ठेवायचा का? शेजारच्या कोणाला बटाईने दिली तर तुम्हाला ते पटेल का? गुडघ्याचं ऑपरेशन कधी करायचं, तेव्हा घरी कोण असेल? हे शेतीचे प्रश्न आहेत असं वरवर वाटेल. पण यांची उत्तरं देता देता आप्पांनाच कळत जाईल की त्यांना मुलगा जवळ हवा आहे, की शेत टिकायला हवं आहे, की नुसतं कोणीतरी विचारायला हवं होतं. हे आज त्यांनाही ठाऊक नसेल अशी माझी अटकळ आहे.

आणि आईला वेगळं विचारा. ‘ती आप्पा म्हणतील त्याला हो म्हणते’ हे तिच्याबद्दलचं ज्ञान नाही; तिला आजवर आप्पांच्या देखत, आप्पांच्या बोलण्यानंतरच विचारलं गेलं, इतकंच त्यातून कळतं. गुडघे धरून बसलेल्या माणसाचं उठणं-बसणं, औषध, रात्रीचं जागरण आज तीच करते आहे. तुमच्या निर्णयाचा सर्वांत मोठा भार किंवा दिलासा तिच्या वाट्याला येणार आहे. बहीण असेल तर तिलाही. आखाजीला (अक्षय तृतीयेला) ती माहेरी येईल तेव्हा विचारता येईल, आणि जमिनीत तिचाही हक्क आहे हे लक्षात ठेवून विचारा.

आप्पा तरीही गप्प राहिले तर? तो त्यांचा अधिकार आहे. मन उघडं करायला लावणं हीही एक जबरदस्तीच असते. तेव्हा तुम्हाला जे योग्य वाटेल ते करा, पण ‘आप्पांना हेच हवं होतं’ असं नंतर कधी म्हणू नका. ‘मी ठरवलं’ म्हणा.

आणि आप्पांनी खरंच ‘ये’ म्हटलं तर? तुम्ही हे विचारलेलं नाही, पण मला वाटतं सगळ्यात मोठी भीती याचीच आहे. त्यांचं ‘ये’ म्हणजे हुकूम नव्हे, एका मोकळ्या माणसाची मागणी आहे. तिला नाही म्हणता येतं. मात्र ते नाही त्यांच्यासमोर उभं राहून, कारण सांगून म्हणावं लागेल. त्यावर ते जे बोलतील ते पुरतं ऐकून घ्यावं लागेल. त्यात राग असेल तर तोही. आणि सालदाराचा पगार, ऑपरेशनचा खर्च, आईला मदतीला बाई, यांतलं तुम्ही काय उचलणार हे त्याच बैठकीत सांगावं लागेल.